प्रोलेटरिएट : गणनेच्या वहीतून निघालेला शब्द

चळवळीच्या भाषेत काही शब्द इतके मुरून गेलेले असतात की ते कोठून आले याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. 'प्रोलेटरिएट' हा त्यांपैकीच एक. अभ्यासवर्गात वक्ता 'प्रोलेटरिएट म्हणजे कामगार वर्ग' एवढे सांगून पुढील मुद्द्याकडे वळतो आणि शिबिरार्थी तेवढेच वहीत उतरवून घेतात. अर्थ म्हणून त्यात काही चूक नाही. परंतु हा शब्द कारखान्यात जन्मलेला नाही. भोंगा, पाळी आणि पगारपत्रक यांच्या दोन हजार वर्षे आधीपासून तो अस्तित्वात होता. शिवाय तो श्रमिकांनी स्वतःसाठी घडविलेला नव्हता. त्यांची मोजदाद करणाऱ्या राज्यसत्तेने तो आपल्या सोयीसाठी वहीत लिहिला होता. ज्याच्यावर हा शिक्का मारला गेला त्याने तो पुढे झेंड्यावर कसा घेतला, ही कथा कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

रोमची परंपरा अशी सांगते की, सहावा राजा सर्व्हियस टुलियस याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात नागरिकांची पहिली मोठी गणना केली. गणना डोक्यांची होती तशीच मालमत्तेचीही होती. ज्याची जितकी मत्ता त्याप्रमाणे त्याची श्रेणी ठरे, त्या श्रेणीप्रमाणे त्याने युद्धात कोणती शस्त्रे स्वखर्चाने आणावयाची ते ठरे आणि त्याच प्रमाणात त्याच्या मताचे वजन ठरे. अशा पाच श्रेणी होत्या. या पाचही श्रेणींच्या खाली जो उरला, ज्याच्यापाशी शस्त्र विकत घेण्याइतकी ऐपत नव्हती, तो 'प्रोलेटारियस'. लॅटिनमध्ये 'प्रोलेस' म्हणजे संतती. ज्याच्याकडून राज्यास कर मिळत नाही, सैनिक मिळत नाही, मिळालीच तर मुलेबाळे तेवढी मिळतील, तो हा माणूस. सिसेरोसारख्या प्रतिष्ठित रोमनाने या शब्दाचा हाच उलगडा केला आहे. तो करताना त्यास काही अनुदार बोलल्यासारखे वाटलेले दिसत नाही.

मताच्या वजनाचा हिशेब तर मुळातूनच पाहावा असा आहे. रोमच्या त्या सभेत मतदान माणसागणिक होत नसे, ते 'शतका'गणिक होई. एकूण १९३ शतके होती. त्यांपैकी घोडेस्वारांची १८ आणि पहिल्या श्रेणीची ८० मिळून ९८ होत, म्हणजे निम्म्याहून अधिक. संपत्तिहीन नागरिक संख्येने कितीही असोत, त्या साऱ्यांना मिळून एकच शतक दिलेले होते आणि त्याची पाळी सर्वांत शेवटी येई. वरच्यांचे एकमत झाले की निकाल लागलेला असे, आणि मग खालच्यांना हाक मारण्याचे कारणच उरत नसे. मताधिकार प्रत्येकाला होता असे मात्र अभिमानाने सांगता येई. लोकशाहीचा सांगाडा ठेवून तिच्यातील प्राण काढून घेण्याची विद्या अलीकडची आहे असे समजणाऱ्यांनी ही जुनी व्यवस्था नजरेखालून घालावी.

इसवी सनापूर्वी ४५१-४५० च्या सुमारास रोमचे पहिले लिखित कायदे झाले. 'बारा पट्टिका' या नावाने ते ओळखले जातात. त्यांत हा शब्द आढळतो. मालमत्ताधारकास जामीन राहावयाचा तर तो मालमत्ताधारकच हवा, संपत्तिहीन नागरिकास मात्र ज्याची इच्छा असेल त्याने जामीन राहावे, असे ते कलम आहे. मालमत्ताधारकासाठी तेथे वापरलेला शब्द आहे 'अ‍ॅसिड्युअस', म्हणजे ठाण मांडून बसलेला, स्थिरस्थावर असलेला. याच लॅटिन शब्दापासून इंग्रजीत 'अ‍ॅसिड्युअस' आला आणि त्याचा आजचा अर्थ आहे चिकाटीने उद्योग करणारा. जमीनमालकाचे नाव अशा रीतीने कष्टाळूपणाचे विशेषण झाले. ज्याच्या घामावर शेत पिकत होते त्याच्या नावाचे काय झाले ते पुढे येईलच.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस जेलियस नावाचा एक व्यासंगी टिपणकार होऊन गेला. त्याने नोंदविलेला एक प्रसंग मोठा बोलका आहे. रोमच्या चौकात एनियस या जुन्या कवीचे काव्य वाचले जात असता 'प्रोलेटारियस' हा शब्द आला. जेलियसने एका कायदेपंडित मित्रास त्याचा अर्थ विचारला. पंडिताने, आपण कायदा शिकलो आहोत, व्याकरण नव्हे, असे म्हणून हात झटकले. हा शब्द खुद्द बारा पट्टिकांत आहे हे दाखवून दिल्यावर, ते कायदे केव्हाच मेले, त्यांतले शब्द कळण्याची आता गरज काय, असा त्याचा पवित्रा होता. अखेर वाटेने जाणाऱ्या ज्युलियस पॉलस या कवीने उलगडा केला. पंधराशे 'अ‍ॅस' नाण्यांपर्यंत मत्ता असलेला तो प्रोलेटारियस. त्याच्याही खाली, जेमतेम ३७५ नाण्यांचा धनी किंवा तोही नसलेला, तो 'कॅपिटे केन्सी', म्हणजे नुसत्या डोक्याने मोजलेला. गणनेच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिण्याजोगे दुसरे काही नव्हतेच.

याच जेलियसच्या ग्रंथात आणखी एक उल्लेख आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यावा असा आहे. भाषेचा एखादा प्रयोग शुद्ध की अशुद्ध हे ठरवावयाचे तर कोणा लेखकाचा आधार घ्यावा? तेथे उत्तर दिलेले आहे की, 'क्लासिकस' लेखकाचा घ्यावा, 'प्रोलेटारियस' लेखकाचा नव्हे. 'क्लासिकस' म्हणजे गणनेतील पहिल्या श्रेणीचा, सव्वा लाख नाण्यांच्या मत्तेचा नागरिक. 'क्लासिकल' हा शब्द युरोपीय भाषांत आला तो येथून. 'क्लासिस' या लॅटिन शब्दापासून फ्रेंच 'क्लास' आणि त्यावरून इंग्रजी 'क्लास' झाला. 'वर्ग' आणि 'प्रोलेटरिएट' हे शब्द समाजवादी एका दमात उच्चारतात. ते दोन्ही आणि त्यांच्याच जोडीने 'अभिजात' साहित्याची कल्पना ही तिन्ही एकाच करवसुलीच्या वहीची अपत्ये आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मानणे योग्यच आहे. परंतु त्या इंग्रजी विशेषणाच्या मुळाशी पहिल्या श्रेणीचा करदाता आणि आपल्या 'अभिजात' शब्दाच्या मुळाशी उंच कुळातला जन्म आहे, हे तुकोबा आणि चोखोबा यांच्या भाषेने लक्षात ठेवावे हे बरे.

'प्रोलेस' या शब्दाची घडण मराठी वाचकास परकी वाटू नये. त्यातील 'प्रो' हा आपल्या 'प्र' या उपसर्गाचा सख्खा भाऊबंद आहे आणि उरलेला भाग पोसणे, वाढविणे या अर्थाच्या धातूचा आहे. त्याच धातूपासून पोटगीसाठीचा 'अ‍ॅलिमनी' हा शब्द आणि माजी विद्यार्थ्यांसाठीचा 'अ‍ॅलम्नाय' हा शब्द आला. संस्कृतातील 'प्रजा' हा शब्दही 'प्र' आणि 'जन्' यांपासून झालेला. त्याचा मूळ अर्थ संतती आणि पुढे राजाची रयत. राज्य करणारास राज्य केले जाणारे लोक लेकरांच्या रूपातच दिसतात, ही खूण दोन दूरच्या भाषांत सारखीच उमटलेली आहे. फरक एवढाच की, 'प्रजा' शब्दात पालनकर्त्याचा आव आहे. रोमन शब्दात तसा आव नाही, तेथे उघड हिशेब आहे.

रोम बुडाले आणि शब्द ग्रंथांत पडून राहिला. चौदाव्या शतकात लॅटिन ग्रंथांची फ्रेंच भाषांतरे होऊ लागली तेव्हा तो 'प्रोलेतेर' या रूपाने फ्रेंचमध्ये आला, पण रोमचा इतिहास सांगण्यापुरताच. १७६२ च्या 'सामाजिक करारा'त रूसोने रोमच्या सभांचे विवेचन केले आहे, तेथेही तो प्राचीन वस्तू म्हणूनच येतो. इंग्रजीत सतराव्या शतकात 'प्रोलेटेरियन' हे रूप रुळले आणि तेथे त्याची अधिकच अवनती झाली. सॅम्युएल बटलरच्या 'ह्यूडिब्रास' या १६६३ च्या उपहासकाव्यात तो हलक्या दर्जाच्या गावकामगारांची टर उडविण्यासाठी आला आहे. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या सुप्रसिद्ध कोशात त्याचे अर्थ दिले ते क्षुद्र, हीन, ग्राम्य अशा थाटाचे. मालकाचे नाव उद्योगी माणसाचे विशेषण झाले होते, गरिबाचे नाव शिवी झाले. कोश तटस्थ असतो असे म्हणतात. तो तटस्थपणे नोंद करतो हे खरे, परंतु ज्यांच्या तोंडचे शब्द तो नोंदतो ते तटस्थ नसतात.

या शब्दाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती फ्रान्समध्ये, १८३० च्या क्रांतीनंतर. पॅरिसच्या कामगारांनी रस्त्यांवर रक्त सांडून बूर्बाँ राजास घालविले आणि सत्ता सावकार व कारखानदारांच्या हाती गेली. मताधिकारासाठी वर्षाला दोनशे फ्रँक प्रत्यक्ष कर भरण्याची अट राहिली. तीन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात मतदार दोन लाखांहूनही कमी. सर्व्हियसची वही जणू पुन्हा उघडली गेली. नोव्हेंबर १८३१ मध्ये लियाँच्या रेशीम विणकरांनी मजुरीच्या ठरलेल्या दरासाठी उठाव केला आणि काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात राहिले. भेदरलेल्या एका प्रतिष्ठित वृत्तपत्राने लिहिले की, समाजाला ग्रासू पाहणारे रानटी लोक आता दूरच्या गवताळ प्रदेशांत राहत नाहीत, आपल्याच औद्योगिक शहरांच्या उपनगरांत राहतात.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी १८३२ मध्ये, पॅरिसच्या न्यायालयात पंधरा प्रजासत्ताकवाद्यांवर खटला चालला. आरोपींत सव्वीस वर्षांचा ओग्यूस्त ब्लांकी होता. न्यायाधीशाने रिवाजाप्रमाणे व्यवसाय विचारला. ब्लांकीने सांगितले, प्रोलेतेर. हा काही व्यवसाय नव्हे, असे न्यायाधीश म्हणाला. त्यावर ब्लांकीने उत्तर दिले ते अशा आशयाचे की, हा व्यवसाय कसा नाही? स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या आणि राजकीय हक्कांपासून वंचित असलेल्या तीन कोटी फ्रेंच माणसांचा हाच व्यवसाय आहे. न्यायाधीशाने कारकुनास नोंद करावयास सांगितले. पंचांनी आरोपींना निर्दोष ठरविले, परंतु बचावाच्या भाषणाबद्दल ब्लांकीस एक वर्षाचा कारावास झाला.

या प्रसंगाचे मोल समजून घेतले पाहिजे. ब्लांकी स्वतः कामगार नव्हता. त्याचा बाप सरकारी अधिकारी होता, तो स्वतः कायदा आणि वैद्यक शिकलेला होता. तेव्हा त्याने दिलेले उत्तर वस्तुस्थितीची नोंद नव्हती, ती बाजू घेण्याची कृती होती. नोंद करणाऱ्या सत्तेच्याच वहीत, तिने खालच्यांसाठी राखलेला शब्द, त्याने व्यवसायाच्या रकान्यात लिहावयास लावला. 'काही नसलेला' हा अर्थ पुसून 'श्रमावर जगणारा पण हक्क नसलेला' हा अर्थ त्याने त्या एका उत्तराने पुढे केला. महाराष्ट्रात १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा 'दलित' या शब्दाचेही असेच झाले. दडपलेल्याची अवस्था सांगणारा शब्द, दडपणारास जाब विचारणाराचे नाव झाला.

त्याच काळात स्विस अर्थशास्त्रज्ञ सिस्मोंदी याने जुन्या आणि नव्या अर्थांतील भेद नेमका टिपला. रोमचे संपत्तिहीन समाजाच्या खर्चाने जगत होते, आधुनिक समाज मात्र या वर्गाच्या खर्चाने जगतो, असा त्याचा मथितार्थ. मार्क्सने १८६९ मध्ये 'लुई बोनापार्टची अठरावी ब्रूमेर' या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिताना या विधानाचा मुद्दाम हवाला दिला, कारण प्राचीन शब्द वापरताना प्राचीन अर्थ सोबत घुसू नये याची त्यास काळजी होती. १८४८ चा जाहीरनामा जर्मन भाषेत निघाला तो हा शब्द मध्यवर्ती ठेवून. सॅम्युएल मूर यांचे इंग्रजी भाषांतर १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा एंगल्सला तळटीप देऊन, उत्पादनाची साधने हाती नसल्याने जगण्यासाठी श्रमशक्ती विकणारा आधुनिक मजूरवर्ग, अशी व्याख्या करावी लागली. गंमत अशी की, जाहीरनाम्याच्या अखेरच्या हाकेत मूळ जर्मनमध्ये हा शब्द आहे, पण एंगल्सच्या नजरेखालून गेलेल्या त्या इंग्रजी भाषांतरात तेथे साधा 'काम करणारी माणसे' हा प्रयोग आहे. इंग्रज गिरणी कामगारास लॅटिनची गरज नाही, हे त्या दोघांस कळले होते. ते आपल्याकडील अनेक पुस्तिकाकारांस कळलेले दिसत नाही.

पुढे रशियात हा शब्द राज्यकर्त्यांचा झाला. यादवी युद्धात आणि दुष्काळात कारखाने ओस पडून कामगार खेड्यांकडे परतले. खरा कामगारवर्ग उरलेलाच नाही, अशी कबुली खुद्द लेनिन देऊ लागला. तेव्हा १९२२ च्या पक्षकाँग्रेसमध्ये श्ल्यापनिकोव्ह या जुन्या धातुकामगार नेत्याने, अस्तित्वातच नसलेल्या वर्गाचे अग्रदल झाल्याबद्दल त्याचे उपरोधाने अभिनंदन केले. वर्ग नसला तरी त्याच्या नावाने हुकूमत चालू राहिली. रोमच्या सभेत शेवटच्या शतकास हाक मारण्यापूर्वीच निकाल लागत असे. येथेही तसेच झाले, फक्त निकाल त्याच्याच नावाने जाहीर होऊ लागला.

मराठीत 'श्रमजीवी' आणि 'कामगार' हे सरळ शब्द असताना हिंदी-बंगालीतून 'सर्वहारा' हाही आला. काझी नझरुल इस्लाम यांच्या १९२६ च्या काव्यसंग्रहाचे नाव तेच आहे. सर्वस्व हरवून बसलेला असा त्याचा अर्थ. शब्द प्रभावी आहे, परंतु त्यात एक उणीव आहे. मूळ शब्द काय नाही ते सांगत नाही, काय आहे ते सांगतो, आणि जे आहे ते म्हणजे अपत्य. राज्याची नजर गरिबाच्या श्रमावर न पडता त्याच्या कुशीवर पडते, हे त्या शब्दातले कटू सत्य 'सर्वहारा'त हरवते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि जबरदस्तीचा बडगा बसला तो मुख्यतः गरिबांवर. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. रोमने गरिबाची मुले जमेच्या बाजूस धरली, १९७६ च्या सरकारने खर्चाच्या बाजूस. वही मात्र तीच. आणि २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते आणि एका दिवसाच्या खाड्याचा दंड बसतो, तेथे पाळीचे दिवसही परवडत नाहीत. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून लिहितात. रोमने निदान डोके मोजले होते.

आता आणखी एक नवा शब्द रुळू लागला आहे, 'प्रिकॅरिएट'. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ गाय स्टँडिंग यांच्या २०११ च्या पुस्तकाने तो सर्वतोमुखी केला. त्याचेही मूळ रोमन कायद्यात आहे. 'प्रिकॅरियम' म्हणजे विनंतीवरून दिलेला आणि देणाऱ्याच्या मर्जीस येईल तेव्हा काढून घेता येणारा ताबा. विनवणी या अर्थाच्या त्याच धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजी 'प्रेयर' आला. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पाठीवर पेटारा बांधून जेवणाची पाकिटे पोचविणाऱ्या तरुणाची स्थिती या शब्दात तंतोतंत बसते. मोबाइलवरील खाते बंद झाले की काम संपले, नोटीस नाही, सुनावणी नाही. परंतु त्याचा मालक त्यास हा शब्द लावीत नाही, कामगारही म्हणत नाही. तो त्यास 'पार्टनर' म्हणतो, म्हणजे भागीदार. नफ्यात भाग नाही आणि पेट्रोलचा, अपघाताचा, पावसात वाया गेलेल्या तासांचा भार मात्र सगळा त्याचा, अशी ही भागीदारी आहे. २०२० साली संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली हे मान्य केले पाहिजे, पण घेतली ती पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचे म्हणून. त्यामुळे त्यांच्या वाट्यास येतात त्या योजना. किमान वेतनाचा, कामाच्या तासांचा हक्क त्या व्याख्येतून निघत नाही.

मालक अनेक आणि कोणीच जबाबदार नाही, ही अडचण महाराष्ट्रास नवी नव्हे. मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोद्यांत ओझी वाहणारा हमाल आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर राबत असे आणि व्यापारी त्यास आपला कामगार मानीत नसत. प्रदीर्घ लढ्यानंतर १९६९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला. कामगाराची आणि मालकाची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, मजुरीवर मालकाने भरावयाची लेव्ही आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी जो कायदा केला त्यात नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावरील आकारणी हीच रचना दिसते. महाराष्ट्रातील त्या कायद्याने ज्यास ओळख दिली त्याचे नाव 'माथाडी', माथ्यावर ओझे वाहणारा. रोमच्या वहीतही शेवटच्या ओळीत नुसता माथाच मोजलेला होता.